जुनी उंच गाडी घेताय? आधी स्टेपनी बाहेर काढायला लावा

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीहून पांढरकवड्याकडे निघताना फाट्यावर आमचं टायरचं दुकान लागतं. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पंक्चर, हवा. अकरा वर्षांपासून मी गाड्या खालून पाहते. गाडीवाला खुर्चीवर चहा पितापिता एक सांगत असतो आणि रॅम्पवर चढलेली त्याची गाडी भलतंच सांगत असते. म्हणून ओळखीतलं कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी दुकानावर येतं. दलाल मात्र अजूनही माझ्याशी बोलत नाही. तो शेजारी उभ्या माझ्या भाच्याशी बोलतो. भाचा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गाडीतलं त्याला फक्त गाणं लावता येतं. मला हे बरंच पडतं. दलाल त्याला पटवत बसतो, तोवर मी चाकापाशी बसून घेते.

यंदा तुरीचे पैसे हाती आले आणि माझ्या लेकीचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, दुकानावर आले. बजेट साडेपाच लाख, सगळं धरून. म्हणाले, "इहीणबाई, मले उंच गाडी पाह्यजे. पांदणीनं वावरापर्यंत गेली पाह्यजे, अन् लग्नात लावली त लोकायनं वळून पाह्यलं पाह्यजे."

मी म्हटलं, "मंग दोन गाड्या घ्या."

इवायाशी असं बोलू नये, पण त्यांनी हसून घेतलं. त्यांच्यासाठी दोन महिने ज्या खटपटी केल्या, त्यातून हे लिहिते आहे.

वही काढा

गाडी पाहायला जाण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा. इवायांचा असा निघाला: गावाहून घाटंजीला आठवड्यातून तीन खेपा, जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. त्यांच्या आईसाठी महिन्यातून एकदा सावंगीचा दवाखाना, जाऊन-येऊन सव्वादोनशे. लग्नं, मौत-मयत, अकोला-नागपूर मिळून आणखी दोन हजार. बेरीज झाली दहा-साडेदहा हजार. आणि हा माणूस डिझेलशिवाय बोलत नव्हता!

डिझेल गाडी जुन्यातही महाग मिळते आणि तिचं दुखणंही महाग. इंजेक्टर, टर्बो, क्लच, कशालाही हात लावा, पाच आकडी बिल. वर्षाला अठरा-वीस हजारांच्या वर चालणार असेल तर ती परवडते, माझं मत तरी हेच. त्यात १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती जाळी साफ व्हायला गाडी अधूनमधून महामार्गावर वीसेक मिनिटं सलग, बऱ्या वेगानं पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते वावर, तिसऱ्या गिअरच्या वर कधी गेलीच नाही, अशा गाडीची जाळी चोंदते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा येऊन बसतो. शेतकऱ्याच्या घरी अशी गाडी घ्यायची, तर ती आधी कुठे धावली ते नक्की विचारा.

पेट्रोलमध्ये एक लक्षात ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि २०२३ च्या एप्रिलआधीच्या बऱ्याच गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या नाहीत. मायलेज थोडं कमी पडतं. बोनेट उघडून पेट्रोलच्या नळ्यांचं रबर चिरलंय का, वास येतो का, एवढं पाहून घ्या. सीएनजी जवळ पंप असेल तरच, आमच्याकडे विषय संपला.

आता उंचीचं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट हे अंतर, म्हणून जो आकडा सांगतात, तो ब्रेझाचा १९८ मिलिमीटर, इकोस्पोर्टचा २००, डस्टरचा २०५, नेक्सॉनचा २०९. बोलेरोचा कागदावर १८० च्या आसपासच. आणि तरी खऱ्या पांदणीत बोलेरोच पुढे जाते, कारण तिच्याखाली ट्रकसारखी चेसिस आहे, पुढचं नाक आखूड आहे आणि ओढ मागच्या चाकांना आहे. आकडा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिक्कीत सरकीचे दोन कट्टे टाकले की २०९ चे किती उरतात ते कंपनी सांगत नाही.

जुलै-ऑगस्टात काळ्या मातीत ओल असली की यातली कोणतीच गाडी वावरात जात नाही. चाकाला माती अशी चढते की टायर दिसतच नाही, नुसता लाडू फिरतो. तेव्हा ट्रॅक्टर किंवा बंडी. वर्षातल्या त्या चाळीस दिवसांसाठी फोर व्हील ड्राइव्हचे पैसे देऊ नका. गाडी डांबरावर लावा आणि धुऱ्यानं पायी जा.

कोणती कोणती पाहता येते

पाच-साडेपाच लाखांत आमच्या भागात २०१६ ते २०१९ च्या गाड्या मिळतात. ब्रेझा २०१६ ला आली, २०२० पर्यंत फक्त १३०० सीसी डिझेलमध्ये. खेड्यातला कोणताही मिस्त्री तिचं इंजिन डोळे मिटून उघडतो. नेक्सॉन २०१७ ची, पेट्रोल आणि डिझेल दोन्ही, आणि २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी. त्याच वर्षी ब्रेझाला चार मिळाले होते. एक्सयूव्ही ३०० आणि व्हेन्यू २०१९ च्या, बजेटच्या काठावर. टीयूव्ही ३०० आणि बोलेरो ज्यांना माणसं आणि माल दोन्ही न्यायचं त्यांच्यासाठी. बसायला मऊ नाहीत, पण मारावर टिकतात.

फोर्डची इकोस्पोर्ट आणि रेनोची डस्टर स्वस्तात दिसतील. फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवलं, डस्टर २०२२ ला बंद झाली, म्हणून भाव उतरले. चालवायला दोन्ही घट्ट, समाधान देणाऱ्या. पण जवळचं सर्व्हिस सेंटर किती दूर आहे ते आधी मोजा. दोन्हींच्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे, ब्रेझाच्या डिझेलसारखी चेन नाही. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरवर बदलावा लागतो आणि तुटला तर इंजिनच उघडतं. बदलल्याचं बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून कापा. २०१२ ची डस्टर पाहत असाल तर २०२७ मध्ये तिच्या आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची, पंधरा वर्षं संपतात: फेरपासिंग, पर्यावरण कर, एक वेगळाच फेरा.

आता खाली बसा

विकणारा गाडी धुतो, आतून पॉलिश मारतो, टायरवर काळं चमकदार पाणी फासतो. बोनेटखाली इंजिनसुद्धा धुतात हल्ली. तो जे धुतो ते पाहण्यात वेळ घालवू नका. जे धुवायचं त्याच्या डोक्यातच येत नाही, ते पाहा. अशी पहिली जागा स्टेपनी, म्हणजे जादा चाक.

टायरच्या बाजूवर डीओटी अशी इंग्रजी अक्षरं असतात, त्यांच्या ओळीत शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११८ म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. गाडी २०१८ ची असेल तर स्टेपनीवर १८ किंवा फार तर १७ हवं, आणि ती बहुतेक कोरी असायला हवी. आता खालचे चार पाहा.

पांढरकवड्याला आम्ही पहिली गाडी पाहिली. पांढरी, २०१८ ची, मीटरवर ३८ हजार. चकाचक. इवाई दारातच हरखले. मी चारही टायर वाचले: चौघांवर २०२२. कंपनीचे टायर नीट चालवले तर चाळीस-पन्नास हजार जातात. मग ३८ हजारांतल्या पहिल्या वीस-बावीस हजारांतच चार टायर कसे संपले? दलाल भाच्याला म्हणाला, "साहेबाले नवीन टायरचा शौक होता." मी म्हटलं, स्टेपनी काढा. त्यानं डिक्कीतलं सामान, मॅट, सगळं नाइलाजानं उचललं. स्टेपनीवर २०१८ होतं, आणि तिची नक्षी घासून सपाट झालेली. म्हणजे मूळचे चार संपले, मग स्टेपनीही फिरवली, ती संपली, आणि मग नवे चार. ती गाडी लाखाच्या आसपास चाललेली असणार. ब्रेकच्या पॅडलचं रबर मात्र नवं कोरं होतं. तेही शौकानंच बदललं असेल.

मीटर मागे फिरवणं आज काही अवघड नाही, म्हणून मी मीटर वाचतच नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसच्या नोंदी असतात, मालकाला सोबत नेलं तर दाखवतात. मालक यायला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

नक्षी किती उरली यापेक्षा ती कशी झिजली ते पाहा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवून वा ओझं लादून चालवलीय. मध्य झिजला तर हवा जास्त. फक्त आतली कड गेली तर चाकाचा कोन बिघडलाय, म्हणजे खड्ड्यात आदळली किंवा ठोकली. जागोजागी ताटलीसारखे उतार पडले असतील तर शॉकअप संपलेत.

आणि हात फिरवा. मी हे नेहमी करते, लोक हसतात. टायरच्या आडव्या अंगानं तळहात आतून बाहेर न्या, मग बाहेरून आत आणा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दात्यांसारखं टोचलं, तर टो, म्हणजे चाकांची तोंडं समोर सरळ आहेत की आत-बाहेर वळलीत ते माप, बिघडलेला आहे. हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लगेच कळतं. उन्हात उभी असलेली गाडी असेल तर जपून, मे महिन्यात मी एकदा हात भाजून घेतलाय.

रिमच्या आत शिशाची वजनं चिकटवलेली असतात, बॅलन्सिंगची. दहा-वीस ग्रॅम असेल तर काही नाही. एकाच चाकाला साठ-सत्तर ग्रॅमची माळ लटकत असेल तर रिम वाकलंय. अलॉय असेल तर आतून वेल्डिंग केलंय का, बोट फिरवून पाहा.

इसार देण्याआधी गाडी जवळच्या कोणत्याही अलाइनमेंटच्या दुकानात न्या. चार-पाचशे रुपये लागतात. मात्र "करून द्या" म्हणू नका. "नुसतं मोजून प्रिंट द्या" म्हणा. या लहान एसयूव्हींमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त पुढचा टो कमी-जास्त करता येतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, कंपनीतून येतो तसाच राहतो. तो फिरवायला नटच नसतो. प्रिंटवर हिरवं म्हणजे मापात, लाल म्हणजे मापाबाहेर. म्हणून पुढचा टो लाल आला तर घाबरू नका, तो रोजचा धंदा आहे. पण एका बाजूचा कॅम्बर हिरवा आणि दुसऱ्या बाजूचा लाल आला, किंवा मागच्या चाकांचा टो लाल आला, तर खालचं काहीतरी वाकलेलं आहे. त्या कागदाइतका प्रामाणिक माणूस या धंद्यात मला भेटलेला नाही, मी धरून.

रोही, उंदीर आणि कोळसा

आपल्या भागातल्या गाड्यांची दुखणी पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाहीत. रात्री रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, येतो, रानडुकरांचा कळप येतो. रोह्याला धडकलेली गाडी दिसायला लवकर बरी होते, कारण मार समोर बसतो: बंपर, जाळी, एक दिवा, रेडिएटर. म्हणून पुढचे दोन दिवे शेजारीशेजारी निरखा. सात-आठ वर्षांत दोन्ही सारखे पिवळट व्हायला हवेत. एक काचेसारखा स्वच्छ आणि एक धुरकट असेल तर विचारा काय झालं होतं. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बोनेट उतरवलं होतं. एवढ्यानं गाडी वाईट ठरत नाही. मालकानं विचारायच्या आधी सांगितलं तर मी त्याला चार गुण जास्त देते. बंपर आणि दिवा बदलला तर चालेल. बोनेटखालची लांब पुढची पट्टी सरळ नसेल किंवा तिच्यावर नवं वेल्डिंग असेल, तर उठा आणि घरी या.

एअरबॅगचा दिवाही पाहून घ्या. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बहुधा कोणीतरी बल्ब काढलाय, म्हणजे एअरबॅग एकदा उघडून गेल्या आणि परत बसवल्या नसाव्यात. चेक इंजिनच्या दिव्याचंही असंच.

कापसाच्या, सोयाबीनच्या गोडाऊनशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर बोनेटखाली वायरिंगवर काळी टेप किती ठिकाणी गुंडाळलीय ते मोजा. उंदीर वायर खातात, मिस्त्री टेप मारतो, आणि मग पावसाळ्यात भर रस्त्यात गाडी बंद.

वणी, घुग्गुस, चंद्रपूरकडची गाडी असेल तर दाराचं रबर उलटं करा, सीटच्या रुळांत बोट घाला. बोट काळं झालं तर ती खाणीवर किरायानं धावलेली असू शकते. आरसीवर गाडी कधी प्रवासी वाहनात होती का ते पाहा. पिवळ्या पाटीची पांढरी करून विकतात. ते कायद्यानं करता येतं, फक्त भाव पांढऱ्या पाटीचा मागतात.

माझं काय झालं ते

एवढं शहाणपण सांगणारी मी, २०२४ च्या सुरुवातीला स्वतःच फसले. नागपूर पासिंगची गाडी, एका शहरातल्या विक्रेत्याकडून. टायर एकसारखे झिजलेले, स्टेपनी कोरी, प्रिंट सगळं हिरवं. मी इतकी खुश झाले की खालून वर पाहायचं विसरले. दोन महिन्यांत खिडक्यांच्या काचा आपोआप खाली यायला लागल्या, मग सेंट्रल लॉक गेलं, मग एका सकाळी गाडी सुरूच होईना. इलेक्ट्रिशियननं गालिचा उचलला. खाली वायरींचे जोड हिरवे पडलेले आणि कोपऱ्यात गाळाची वाळलेली पपडी. गाडी पाण्यात उभी राहिलेली होती.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि उभ्या गाड्या बुडाल्या. त्याच वर्षी जुलैत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही पुरानं धिंगाणा घातला होता. माझी गाडी कुठल्या पाण्यातली होती ते विक्रेत्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुरुस्तीला साठ हजार गेले, ती विकताना मी खरं सांगितलं, म्हणून आणखी तेवढेच गेले. त्या पैशात माझी दुकानाची नवी बॅलन्सिंग मशीन झाली असती. असो.

तर आता मी गाडीत बसल्यावर पहिलं काम करते ते सीटबेल्ट पूर्ण ओढण्याचं. पार शेवटपर्यंत, आतली शिलाई दिसेपर्यंत. वरचा भाग सगळे पुसतात, आतल्या गुंडाळीतला कोणी पुसत नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर पाणी तेवढं चढलं होतं. मग पुढच्या सीटखाली मोबाइलचा उजेड टाका, रूळ आणि बोल्ट गंजलेत का पाहा. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का. काचा बंद करून पाच मिनिटं बसा. ओल्या पोत्याचा वास सुगंधी डबीखालूनही येतो. नवी कोरी सीट कव्हरं आणि दोन-दोन सुगंधी डब्या असल्या की मला आता झोप येत नाही.

चालवून पाहताना

गाडी थंड असताना पाहायला जा, आधी सांगून ठेवा की सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तेवढं बघून लगेच रस्त्यावर निघा. गाणं बंद, काचा खाली. गतिरोधकावरून एक चाक चढवा, मग दुसरं. खट्ट असा आवाज आला तर बुश नाहीतर लिंक रॉड, फार खर्चाचं नाही. सत्तरच्या वर गेल्यावर हूं असा घुमणारा आवाज वाढत गेला तर बेअरिंग. सपाट, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडून पाहा, कुठे ओढते. चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगावर जोरात दाबा. इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर क्लच संपला.

एसी मात्र भर दुपारी तपासा. फेब्रुवारीत सकाळी नऊला सगळ्यांचे एसी गार असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उभ्या गाडीत, इंजिन सुरू ठेवून, वीस मिनिटं एसी चालवा आणि तापमानाचा काटा पाहा. रेडिएटर, पंखा, कूलंट, कॉम्प्रेसर, सगळ्यांची परीक्षा एका वेळी होते. इवायांना मी तिसरी गाडी मुद्दाम एप्रिलात दोन वाजता पाहायला नेलं. घामानं निथळत म्हणाले, "इहीणबाई, गाडी पाहून राह्यलो का तपश्चर्या करून राह्यलो?"

कागद

दुसरी गाडी आदिलाबादची होती, तेलंगणा पासिंग. पेनगंगा ओलांडली की तीच गाडी पन्नास-साठ हजारांनी स्वस्त दिसते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं, नवा नंबर, आणि या सगळ्यासाठी माणसाच्या मागे धावणं. हिशेब केला तर उरले सात हजार. सोडली. दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या अशाच स्वस्तात येतात, तिथल्या नियमांमुळे. त्यांनाही हाच हिशेब लावा.

आरसीवर मालक कितवा आहे आणि बोजा चढलाय का, ते परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून आजच्या आज दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. थकलेले ई-चलान तपासा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलीय का पाहा.

विम्याची मागची पॉलिसी मागून घ्या आणि तिच्यावरचा एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, टक्का वाचा. क्लेम न घेता वर्षं जातात तसा तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० होतो. सात वर्षांची गाडी, "एक खरचटा नाही" म्हणतात आणि एनसीबी शून्य? तर मागच्या वर्षी क्लेम झालाय, किंवा विमा मध्येच तुटला होता. दोन्हींचं उत्तर मागा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळत नाही. म्हणून तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या.

पैसे

साडेपाच लाखांचं बजेट म्हणजे साडेपाच लाखांची गाडी नव्हे. साठ हजार बाजूला काढा: विमा, नाव बदल, सर्व्हिस, बॅटरी, आणि टायर. १६ इंची बरा टायर सहा-साडेसात हजारांना एक पडतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि नव्या पंच, मॅग्नाइटसारख्या गाड्यांचे सुरुवातीचे शोरूम भाव साडेपाच-सहा लाखांच्या आसपास आले. बरेच दलाल अजून जुन्याच भावाची फूटपट्टी लावतात. त्यांना नव्या गाडीचा भाव विचारा, नुसता विचारा.

वेळेचंही आहे. दसरा-दिवाळीला आणि कापसाचे पैसे आले की सगळेच गाड्या शोधतात. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, बियाण्या-खताला पैसा लागतो तेव्हा गाड्या विकायला निघतात. कोणाच्या अडचणीवर टपून बसायला सांगत नाही, पण तेव्हा भाव वाजवी असतो. इवायांना मात्र एप्रिलच्या लग्नात मिरवायचं होतं.

तिसरी गाडी दारव्ह्याच्या एका शिक्षक जोडप्याची निघाली. नेक्सॉन, पेट्रोल, २०१९, एकच मालक, मीटरवर ६१ हजार. मागचे टायर २०२३ चे, पुढचे २०२१ चे अर्धे झिजलेले, स्टेपनी २०१९ ची कोरी. हिशेब जुळत होता. सीटबेल्ट स्वच्छ, एनसीबी ५०, प्रिंटवर एक टो लाल, बाकी हिरवं. बाईंनी स्वतःहून सांगितलं की मागचा दरवाजा फाटकाला घासला होता. मागितले ५ लाख १० हजार. मी टायर आणि साडेतीन वर्षांची बॅटरी दाखवली, चार ऐंशीला ठरलं. पैसे खात्यावर, रोख नाही, आणि कागदावर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सह्यांनिशी, कारण त्या मिनिटानंतरचं चलान आणि अपघात आपला.

दुसऱ्या दिवशी गाडी दुकानावर आणायला लावली. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल. मागच्या मालकानं कालच बदललं म्हटलं तरी हे सगळं बदला. टो सरळ केला, पुढचे दोन टायर नवे घालून ते मागे टाकले आणि मागचे पुढे आणले. इवाई हार घेऊन उभे होते, पूजा कधी करायची म्हणत होते. मी स्टेपनीला गेज लावलं. बारा पौंड हवा होती. सात वर्षांत कोणी भरलीच नव्हती.